राख आपली, हिशेब कुणाचा?

भुसावळहून वरणगावच्या दिशेने निघाले की फेकरीच्या आसपास दीपनगरच्या चिमण्या दिसू लागतात. चिमण्यांच्या शेजारी ते डमरूसारखे कंबरेत आवळलेले भले मोठे मनोरे. त्यातून पांढरी वाफ निघत असते आणि गाडीतली लहान मुले हमखास विचारतात, "ढग इथेच तयार करतात का?" मोठी माणसे हसतात. पण मुलांच्या प्रश्नाला पुढे जोडून आणखी एक प्रश्न विचारता येईल, आणि त्यावर मात्र मोठ्यांना हसता येणार नाही. इथे रोज एवढे जे जळते, त्याचा पैसा कुठून कुठे जातो?

हा प्रश्न अर्थतज्ज्ञांचा आहे असे समजून आपण तो सोडून देतो. वास्तविक तो आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर, खिळ्याला अडकवलेल्या विजेच्या बिलात आहे. ते बिल एकदा नीट वाचून पाहा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. इतकी नावे आहेत, पण कोळशाचे नाव कुठेच नाही. खाणीतून निघालेल्या त्या कोळशावर सरकारने किती घेतले, ते कुणाच्या खात्यात पडले आणि त्याचे पुढे काय झाले, याचे चिठोरेही आपल्यापर्यंत येत नाही.

तेव्हा आपणच थोडा हिशेब मांडू. आपल्याकडच्या कोळशावर एक युनिट वीज करायला साधारण सहाशे ते आठशे ग्रॅम कोळसा लागतो. मध्यम कुटुंबाचा महिन्याचा खप शंभर युनिट धरा. ती सगळी वीज कोळशाची असेल तर आपल्या नावावर महिन्याला सत्तर किलो कोळसा जळतो. भारतीय कोळशात तीस ते पंचेचाळीस टक्के राख असते. म्हणजे पंचवीस-एक किलो राख आपण दरमहा दीपनगरसारख्या कुठल्या तरी गावाच्या शिवारात टाकून येतो. घरात कुणी चूल पेटवत नाही म्हणून ती दिसत नाही, इतकेच.

आता पैसा. समजा, त्या कोळशाची मूळ किंमत टनाला दीड हजार रुपये आहे. (दर्जाप्रमाणे ती कमीजास्त होते, आपण हिशेबापुरती धरली.) त्यावर १४ टक्के स्वामित्वधन, म्हणजे ज्याला सगळे 'रॉयल्टी' म्हणतात, ते झाले २१० रुपये. हे खाण ज्या राज्यात आहे त्या राज्याला मिळते. त्या रॉयल्टीच्या ३० टक्के, म्हणजे ६३ रुपये, खाण ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानला. आणखी ३ टक्के, सहा रुपये तीस पैसे, नवी खनिजे शोधण्यासाठीच्या राष्ट्रीय न्यासाला. शिवाय २०१६ पासून टनाला ४०० रुपये उपकर दिल्लीला जात होता. तो २२ सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाला आणि त्याच दिवशी कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. विजेवर जीएसटी नसल्यामुळे वीजकेंद्राने भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो विजेच्या किमतीतच मुरतो.

उपकराची गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण हिशेब न मागितल्यावर काय होते त्याचा तो चांगला धडा आहे. २०१० साली हा उपकर 'स्वच्छ ऊर्जा उपकर' म्हणून सुरू झाला, टनाला ५० रुपये. हेतू उत्तम होता. कोळसा जाळणाऱ्याने थोडे पैसे बाजूला काढायचे आणि त्यातून सौर, पवन अशी स्वच्छ वीज उभी करायची. पन्नासाचे शंभर झाले, शंभराचे दोनशे, दोनशेचे चारशे. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात त्यातून सुमारे ८६ हजार ४०० कोटी रुपये जमा झाले. त्यातले ज्या निधीसाठी ते गोळा केले होते त्या निधीत पोचले सुमारे २९ हजार ६०० कोटी, आणि प्रत्यक्ष खर्च झाले सोळा हजार कोटींच्याही आत. बाकीची रक्कम सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत विरघळली. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा या उपकराचे नावच बदलले आणि तो राज्यांच्या भरपाईसाठी वळवला गेला. यात कुणी चोरी केली असे मी म्हणत नाही. सगळे कायद्याने झाले. पण शंभर युनिटांमागे आपण जे अठ्ठावीस रुपये देत होतो ते एका नावाने घेतले आणि दुसऱ्या कामाला लावले, आणि आपल्याला ते कुणी सांगितले नाही. देवळासाठी वर्गणी गोळा करून पंचांनी चावडीला रंग दिला, तर गाव गप्प बसेल का?

आता खनिज प्रतिष्ठानच्या त्या ६३ रुपयांकडे वळू. २०१५ साली केंद्राने खाण कायद्यात दुरुस्ती केली आणि खाणकामाने ज्यांचे नुकसान होते त्यांच्यासाठी प्रत्येक खाणजिल्ह्यात हा न्यास उभा करायला सांगितले. स्वातंत्र्यानंतर जवळजवळ सात दशकांनी का होईना, पण ज्याच्या जमिनीखालचे धन काढले जाते त्याचा त्यावर काही हक्क आहे, हे कायद्याने मान्य केले. ही गोष्ट लहान नाही. देशभरात या न्यासांमध्ये जमलेली रक्कम एक लाख कोटींच्या घरात गेली आहे. आपल्या राज्यात चंद्रपूर, नागपूर, यवतमाळ या कोळशाच्या जिल्ह्यांना त्यातला मोठा वाटा मिळतो, आणि मिळालाच पाहिजे. तिथल्या लोकांनी जमिनी दिल्या, विहिरी गमावल्या, काळ्या धुळीत मुले वाढवली.

या पैशाच्या खर्चाचे नियमही कागदावर चांगले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ७० टक्के रक्कम पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण-नियंत्रण अशा निकडीच्या कामांवर खर्च करायची. खाणीपासून पंधरा किलोमीटरपर्यंतचा भाग थेट बाधित, पंचवीस किलोमीटरपर्यंतचा अप्रत्यक्ष बाधित. कामांची यादी आणि वार्षिक अहवाल सगळ्यांना पाहता येईल असा ठेवायचा. त्याआधी जुलै २०२१ मध्ये केंद्राला एक आदेश काढावा लागला होता, की न्यासाचा पैसा राज्याच्या तिजोरीत किंवा मुख्यमंत्री निधीत वळवू नका. असा आदेश काढण्याची वेळ का आली असेल, ते वाचकांनीच ओळखावे.

पण या साऱ्या व्यवस्थेत दीपनगर कुठे आहे? कुठेच नाही. अंतर मोजायचे ते खाणीपासून. खाण तिकडे विदर्भात. इथे येतो तो कोळसा, मालगाडीतून. पाचशे मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर त्याला दिवसाला आठ हजार टनांच्या आसपास कोळसा लागतो. म्हणजे भरलेल्या दोन मालगाड्या. दीपनगरात असे दोन संच २०१२ च्या सुमारास आले, त्याआधीचे २१० मेगावॅटचे होते, आणि आता ६६० मेगावॅटचा नवा संच उभा आहे. पहिला छोटा संच साठच्या दशकाच्या अखेरचा. तो कधीच इतिहासजमा झाला. पाणी हतनूरचे, म्हणजे तापीचे. वीज जाते राज्यभर. इथे उरते ती राख. एका मोठ्या संचाची दिवसाला अडीच-तीन हजार टन.

यात एक उफराटा न्याय आहे, तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. रॉयल्टी किमतीच्या टक्क्यांत आहे आणि किंमत कोळशातल्या उष्णतेवर ठरते. कोळसा जितका हलका, म्हणजे जितका राखेचा, तितकी त्याची किंमत कमी, रॉयल्टी कमी आणि न्यासाची वर्गणीही कमी. त्याच कोळशाची राख मात्र जास्त. हलका कोळसा आला की खाणजिल्ह्याचे उत्पन्न घटते आणि वीजकेंद्राच्या शेजारच्या गावांचा त्रास वाढतो. दोन्हीकडची माणसे एकाच वेळी तोट्यात!

वेल्हाळ्याच्या बाजूला राखेचा जो तलाव आहे, तिथे पाण्यात कालवलेली राख सोडतात. ओली असते तोवर ती मुकाट पडून राहते. चैत्र-वैशाखात वरचा थर वाळतो, खान्देशी वारा सुटतो, आणि ऐन उन्हाळकामाच्या दिवसांत, म्हणजे गच्चीवर बिबडे आणि नागलीचे पापड वाळत पडलेले असताना, राख उठते. बायका आधी वाऱ्याची दिशा पाहतात आणि मग खाट मांडतात. केळीच्या पानावर बसलेली राख धुवायला पाणी लागते, आणि पाण्याचा आपल्याकडे काही सुकाळ नाही.

बरे, ही राख आता नुसती घाण राहिलेली नाही. सिमेंटवाले ती नेतात, विटांवाले नेतात, रस्त्याच्या भरावात ती जाते. बंद टाक्यांचे बल्कर रस्त्यावरून रांगेने जाताना आपण पाहतोच. महानिर्मितीने राखेच्या व्यवहारासाठी स्वतंत्र उपकंपनीही काढलेली आहे. म्हणजे राखेला पैसा आहे. मग त्या पैशाचा हिशेब? केंद्राने नोव्हेंबर २००९ च्या अधिसूचनेत स्पष्ट म्हटले होते, की राखविक्रीचे उत्पन्न वेगळ्या खात्यात ठेवावे आणि राखेचा शंभर टक्के वापर होईपर्यंत ते राखेच्या वापराच्या सोयींवरच खर्च करावे. विटा करणाऱ्या स्थानिक लहान उद्योगांसाठी कोरड्या राखेचा पाचवा हिस्सा मोफत राखून ठेवायलाही सांगितले होते. डिसेंबर २०२१ मध्ये नवी अधिसूचना आली. न वापरलेल्या राखेवर टनाला हजार रुपये पर्यावरण भरपाई, जुन्या साठलेल्या राखेची विल्हेवाट ठराविक मुदतीत, आणि किती राख निघाली, किती गेली याचे आकडे दर महिन्याला नोंदवायचे.

कायदा करणाऱ्यांनी काही राखून ठेवलेले नाही. पण हे मासिक आकडे फेकरीच्या, वेल्हाळ्याच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लिहिलेले कुणी पाहिले आहेत का? संगणकावर इंग्रजीतल्या तक्त्यात आकडा टाकला की 'पारदर्शकता' झाली, अशी आपल्या कार्यालयांची प्रामाणिक समजूत आहे. काच स्वच्छ आहे, पण खिडकी तिसऱ्या मजल्यावर! शिवाय जिथे मोफतच्या आणि विकतच्या मालात फरक कळत नाही, तिथे मधले दलाल तयार होतात. कुणाच्या गाड्या आधी भरायच्या यावरून मग तंटे होतात. राखेच्या ढिगावरून भांडणे व्हावीत, ही गोष्ट आपल्या आजीला सांगितली असती तर तिने पदर तोंडाला लावला असता.

राख नवी आहे. वाळू मात्र आपली जुनी ओळखीची. गिरणा, तापी, वाघूर, तिकडे धुळ्यात पांझरा. खान्देशच्या नद्यांना बारमाही पाणी नाही. त्यांचे पाणी राहते ते वाळूत. ओल्या फडक्यासारखी वाळू पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना उन्हाळाभर पुरवते. कित्येक गावांच्या नळयोजनांच्या विहिरी नदीपात्रातच आहेत. वाळू गेली की आधी विहीर जाते, मग बाग, आणि मग टँकर येतो. टँकरचा खर्च सरकारचा, म्हणजे आपलाच. वाळूच्या उत्पन्नाच्या रकान्यासमोर हा खर्च कुणी मांडत नाही.

वाळू हे कायद्याच्या भाषेत 'गौण खनिज'. गौण म्हणजे दुय्यम. नाव ठेवणाऱ्याने गिरणाकाठची विहीर पाहिलेली नसावी. या गौण वस्तूच्या पायी तलाठ्यांच्या अंगावर ट्रॅक्टर घातले गेले, मंडळ अधिकाऱ्यांना मारहाण झाली. अशी बातमी आली नाही असा महिना जात नाही. (तलाठ्यांना आता 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचे. पदनाम भारदस्त झाले, हातात काठीही नाही ते नाहीच.)

सरकारने काही केले नाही असे नाही. उलट, इतकी धोरणे झाली की त्यांचाच गाळ साचला. लिलाव होते. २०२३ मध्ये ठरले की लिलाव बंद, सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू, वर खनिज प्रतिष्ठानचे १० टक्के आणि किरकोळ आकार. जनता खूश झाली. वाळू मात्र डेपोत असायची तेव्हा वाहतूक परवडायची नाही, आणि वाहतूक परवडायची तेव्हा डेपोत वाळू नसायची. २०२५ मध्ये पुन्हा ठरले की डेपो बंद, लिलाव सुरू. घरकुलवाल्यांना पाच ब्रास मोफत, हा त्यातला चांगला भाग. पण डेपो असो की लिलाव, मूळ प्रश्न तोच राहतो. नदीतून किती वाळू गेली, हे मोजते कोण?

लिलावात आकडा ठरतो तो खोदण्याआधीच्या मोजणीवर. अमुक गट, अमुक ब्रास. ठेकेदार तेवढ्याचे पैसे भरतो. नंतर त्याने तेवढेच काढले की तिप्पट, हे ठरवायचे तर पावसाळ्यापूर्वी खड्डा पुन्हा मोजला पाहिजे. १० जून ते ३० सप्टेंबर उपसा बंद असतो. त्या काळात पूर येतो, खड्डा भरतो किंवा ढासळतो, आणि पुरावा वाहून जातो. एकाच पावतीवर चार फेऱ्या ही तर रस्त्यावरच्या पोरालाही माहीत असलेली गोष्ट आहे. लिलाव झालाच नाही तर आणखी बरे! मग सरकारी दप्तरी उत्पन्न शून्य, आणि नदीत रात्रभर दिवे.

वाळू पकडली की दंड होतो. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८ खाली तो बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो. जिल्ह्याला दरवर्षी गौण खनिजाच्या वसुलीचे उद्दिष्ट दिलेले असते आणि दंडाची रक्कमही त्या वसुलीत मोजली जाते. मार्चअखेर 'उद्दिष्टाच्या इतके टक्के वसुली' असा आकडा येतो आणि आपण तो वाचून समाधान मानतो. त्यातला किती पैसा रीतसर विकलेल्या वाळूचा आणि किती चोरीच्या दंडाचा, हे वेगळे करून सांगितले तर चित्र पार निराळे दिसेल. चोरी वाढली की दंड वाढतो, दंड वाढला की वसुली वाढते, आणि वसुली वाढली की शाबासकी. असा हिशेब एखाद्या किराणा दुकानदाराने ठेवला तर त्याचा मुलगाच त्याला गल्ल्यावरून उठवील.

हिशेब मागितल्यावर काय होऊ शकते, ते पाहायचे तर शेजारच्या गोव्यात जावे. तिथल्या लोहखनिजाच्या खाणी पोर्तुगीज काळापासूनच्या. २००० नंतर चीनची मागणी वाढली आणि डोंगरच्या डोंगर जहाजात गेले. २०१२ मध्ये न्या. शहा आयोगाने सुमारे ३५ हजार कोटींच्या नुकसानीचा अंदाज दिला. त्या आकड्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. पण 'गोवा फाउंडेशन' ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली आणि एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितले, की नोव्हेंबर २००७ नंतरचे खाणकाम बेकायदा होते, वर्षाला दोन कोटी टनांहून जास्त खनिज काढायचे नाही, आणि विक्रीच्या दहा टक्के रक्कम एका कायमस्वरूपी निधीत ठेवायची. या निधीमागचा विचार कुठल्याही गृहिणीला पटेल. खनिज हे वडिलोपार्जित सोने आहे. सोने मोडले तर निदान त्याची मुद्दल बँकेत राहावी. नातवंडांच्या वाट्याचे आपण बसून खाऊ नये. नॉर्वेने तेलाच्या पैशाचे नेमके हेच केले. १९९० मध्ये कायदा केला, १९९६ मध्ये पहिली रक्कम टाकली, आणि आज तो निधी किती आहे हे त्या देशातले शाळकरी पोरही पाहू शकते. २००२-०३ पासून जगात एक करारही चालू आहे. त्यात कंपनीने सांगायचे आम्ही इतके दिले, सरकारने सांगायचे आम्हाला इतके मिळाले, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापायचे. भारत अजून त्यात नाही.

सही करायला दिल्लीने वेळ घ्यावा हवा तितका. आपल्याकडे माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे, आणि त्याचे कलम ४ सांगते की कुणी मागण्याची वाट न पाहता माहिती आपणहून जाहीर करा. दीपनगरसाठी त्यात फार अवघड काही नाही. गेल्या महिन्यात किती टन कोळसा आला, त्यात राख किती टक्के होती, राख किती निघाली, किती विकली, किती मोफत दिली, कुणाला दिली, पैसे किती आले, ते कुठे खर्च झाले. आठ ओळी. वाळूसाठी तर पाचच पुरतात, आणि त्या नदीच्या उतारावर, ट्रॅक्टर जिथून पात्रात शिरतो तिथे, पत्र्यावर रंगवता येतील: गट क्रमांक, किती ब्रासला परवानगी, आजवर किती गेली, किती रक्कम भरली, ग्रामपंचायतीला त्यातले किती आले. रोज शेवटचा आकडा खडूने बदलायचा. सातवी शिकलेला माणूसही मग काठावर बसून ट्रॅक्टर मोजू शकतो.

कायद्यातली एक दुरुस्ती मात्र मुंबई-दिल्लीतच व्हावी लागेल. 'बाधित' म्हणजे केवळ खाणीभोवतीचा माणूस, ही व्याख्या अपुरी आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, आठ विरुद्ध एक अशा बहुमताने, रॉयल्टी हा कर नव्हे आणि खनिजहक्कांवर कर बसवण्याचा अधिकार राज्यांना आहे, असा निर्णय दिला. ऑगस्टमध्ये तो १ एप्रिल २००५ पासून लागू केला. म्हणजे राज्याच्या हाती उत्पन्नाचे एक नवे साधन आले आहे. त्यातला काही हिस्सा कोळसा जिथे जळतो आणि राख जिथे पडते त्या गावांसाठी बांधून द्यावा. चंद्रपूरच्या ताटातले काढून नव्हे. तिथल्या ६३ रुपयांना हात लावण्याची भाषा इथल्या कुणी करू नये. आणि जो काही हिस्सा मिळेल, त्याच्या खर्चाची यादी आधी ग्रामसभेत वाचली जावी, नंतर जिल्हा नियोजनाच्या बैठकीत. आज हा क्रम उलटा असतो, आणि पुष्कळदा पहिली पायरी गाळलीच जाते.

ग्रामसभेला कोरम भरत नाही, ही तक्रार खरी आहे. भरेल कसा? तिथे वाचले जाते ते मागचे इतिवृत्त आणि शासनाची परिपत्रके. एकदा गावच्या नदीतून गेलेल्या वाळूचा आणि गावच्या शिवारात पडलेल्या राखेचा रुपया-आणे-पैशांत हिशेब वाचला जाणार आहे, अशी दवंडी द्यावी. ऑक्टोबरात पात्रातले पाणी ओसरते आणि नव्या गटांची मोजणी सुरू होते. मोजणीला येणाऱ्या पथकाबरोबर टेप धरायला गावातली चार पोरे आणि ज्यांची विहीर काठावर आहे असे दोन शेतकरी उभे राहिले, तर त्यांना हटकण्याचा नियम माझ्या तरी वाचनात नाही.